आधारवाडी ते येरवडा : बंदिवान महिलांच्या भेटीचे अंतर

विठ्ठलवाडी, खास प्रतिनिधी

विठ्ठलवाडी, उल्हासनगर किंवा कल्याण पूर्वेतील एखाद्या महिलेस न्यायालयीन कोठडी मिळाली, की तिची रवानगी सहसा कल्याणच्या आधारवाडी कारागृहात होते. आधारवाडी हे नाव आपल्याकडे अनेक वर्षे कचऱ्याच्या क्षेपणभूमीमुळेच अधिक घेतले गेले. ती क्षेपणभूमी २०२१ मध्ये बंद झाली, कारागृह मात्र आहे तेथेच आहे. ५४० बंदिवानांची मंजूर क्षमता असलेल्या या कारागृहात त्याहून कितीतरी अधिक बंदी राहत आले आहेत. कारागृह मुख्यतः पुरुषांचे असून महिलांचा विभाग त्याच्याच आवारात वेगळा राखलेला आहे.

तरीही नातेवाइकांच्या दृष्टीने ही सोयीची जागा म्हणावी लागेल. विठ्ठलवाडीहून कल्याण हे रेल्वेचे लगतचे स्थानक. तेथून रिक्षा केली, की कारागृहाचे प्रवेशद्वार येते. कारागृहाच्या दफ्तरी भेटीला 'मुलाखत' म्हणतात, बाहेर रांगेत उभे असलेले नातेवाईक 'मुलाकात' म्हणतात. ओळखपत्र दाखवायचे, नाव नोंदवायचे, पुकारा होईपर्यंत थांबायचे आणि मग जाळी किंवा काचेपलीकडच्या व्यक्तीशी काही मिनिटे बोलायचे, असा हा क्रम. ई-मुलाकात या संगणकीय व्यवस्थेतून आगाऊ नोंदणीही करता येते. तीत बंदिवानाचे नाव, वय तसेच वडिलांचे किंवा पतीचे नाव भरावे लागते. त्यामुळे ही माहिती अटकेच्या कागदपत्रांत जशी आहे तशीच भरणे इष्ट. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, हा महिलांच्या बाबतीतला नेहमीचा घोळ येथेही आडवा येऊ शकतो.

खरी अडचण शिक्षा झाल्यावर सुरू होते. दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्या महिलांचे राज्यातील प्रमुख ठिकाण म्हणजे पुण्याचे येरवडा महिला कारागृह. कल्याणहून घाट चढून पुणे, पुणे स्थानकाहून पुन्हा रिक्षा किंवा बस आणि मग मुलाखतीची रांग. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला एका भेटीसाठी पूर्ण दिवसाची मजुरी सोडावी लागते. मुंबईत भायखळ्यालाही महिलांचे कारागृह आहे, परंतु तेथे प्रामुख्याने खटला सुरू असलेल्या महिला असतात.

गंमत अशी, की ज्या योजनांचे कौतुक होते त्या बहुतांशी याच दूरच्या कारागृहात आणि शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. शेतीकाम करीत तुलनेने मोकळ्या वातावरणात राहण्याची मुभा देणारे महिलांचे खुले कारागृह २०१० मध्ये येरवड्यालाच सुरू झाले. १ मे २०२२ रोजी 'जिव्हाळा' कर्ज योजनेचा आरंभही तेथेच झाला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडून ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज ७ टक्के व्याजाने मिळते आणि त्याची फेड कारागृहातील कामाच्या मजुरीतून होते. २०२३ मध्ये येरवड्यातच स्मार्ट कार्डवर चालणारे दूरध्वनी आले आणि घरच्यांशी आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सहा मिनिटे बोलण्याची सोय झाली. राज्यातील काही कारागृहांत 'गळाभेट' उपक्रमात शिक्षाधीन बंदिवानांना काचेचा अडसर न ठेवता आपल्या लहान मुलांना जवळ घेता येते.

मात्र देशातील बंदिवानांपैकी शिक्षा झालेले किती, हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार ५ लाख ७३ हजार २२० बंदिवानांत २३ हजार ७७२ महिला होत्या आणि एकूण बंदिवानांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. निकाल लागेपर्यंत त्यांना ना मजुरी, ना फर्लो, ना खुले कारागृह. त्यांच्या हाती असतो तो जामिनाचा अर्ज. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही महिलेस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला, की तिच्या मुक्ततेसाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, तसेच एकापेक्षा अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यांनाही ही सवलत नाही.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय प्रकरणात मातेजवळ सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकेल, कारागृहात पाळणाघर असावे आणि तेथे जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाची नोंद होऊ नये, असे आदेश दिले. सहा वर्षांनंतर मूल नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. बालगृहातील मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईची भेट घडवावी, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. मूल उल्हासनगरच्या शासकीय बालगृहात आणि आई आधारवाडीला असेल, तर हे अंतर रिक्षाने कापता येते. आईला येरवड्याला हलविल्यावर त्या मुलासोबत दर आठवड्याला पुण्याला जाणारा माणूस, गाडीभाडे आणि त्याचा दिवस ही तरतूद कोणीतरी करावी लागते.