धर्मभगिनी : प्रार्थना आणि न्यायाची लढाई

धर्मप्रांत : पांढरकवड्यासह यवतमाळ जिल्हा कॅथलिक चर्चच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. स्थापना १९५५.

धर्मभगिनींची तीन व्रते : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. स्वतःच्या नावावर काही ठेवायचे नाही, म्हणून गरिबाची बाजू घेताना गमावण्याची धास्तीही कमी.

वैचारिक पाया : पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ परिपत्रकाने न्याय्य मजुरी आणि कामगार संघटनेचा हक्क मांडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) अनेक भगिनी वस्त्यांत, पाड्यांवर राहायला गेल्या.

सिस्टर जीन डेव्होस : १९६३ मध्ये बेल्जियमहून भारतात. मुंबईतून घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभारली. धुणीभांडी करणारी बाई ‘कामगार’ आहे, हा आग्रह. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला.

सिस्टर लुसी कुरियन : १९९१ मध्ये एका गर्भवतीने त्यांच्याकडे आसरा मागितला, तो देता आला नाही. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवले. १९९७ मध्ये त्यांनी पुण्याजवळ वढू बुद्रुकला ‘माहेर’ हे आसराघर सुरू केले.

सिस्टर राणी मारिया : मध्य प्रदेशातील उदयनगर भागात सावकारी पाशातल्या आदिवासी शेतमजुरांना संघटित केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून ओढून त्यांची हत्या करण्यात आली. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, मारेकऱ्याला तुरुंगात राखी बांधली.

कर्ज, मजुरी, एकट्या पडलेल्या बायका : या भगिनींनी जे प्रश्न साधना मानले, तेच यवतमाळच्या कापूसपट्ट्यातही आहेत.