लाइटवाली जादूची कांडी घरीच बनवा; पण बटण सेल नको, पेन्सिल सेल घ्या

जत्रेत संध्याकाळी खेळण्यांचा गाडा लागला की पोरांची नजर आधी जाते ती लाइटवाल्या जादूच्या कांडीवर. टोकाला चांदणी, दांड्याला बटण, दाबलं की लाल-निळा उजेड. घरी आणल्यावर दोन दिवसांत ती बंद पडते, मागचं झाकण निघतं आणि आतून बटणाएवढ्या दोन-तीन चकत्या घरंगळून बाहेर येतात. कांडी कोपऱ्यात जाते. चकत्या कुठे जातात, हे मात्र बऱ्याच घरांत कुणी बघत नाही. खरी भीती तिथेच आहे.

तशीच कांडी घरात तासाभरात तयार होते. लागणारं सामान घरात नाहीतर तालुक्याच्या बाजारात मिळतं. बटण सेलऐवजी भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो पेन्सिल सेल वापरला, तर कांडी जास्त दिवस चालते आणि तो धोकाही टळतो.

बटण सेल एवढा वाईट का?

या चकत्या म्हणजे बटण सेल. लहान मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. नाणं गिळलं तर पुष्कळदा ते शौचावाटे निघून जातं, म्हणून घरातली मोठी माणसं ‘केळं खायला द्या, पडेल’ असं सांगतात. सेलच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो. सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागेत त्याच्या दोन बाजूंमधून वीज वाहायला लागते. त्यामुळे तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ तयार होतो आणि तो आतलं मांस जाळत जातो. दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. अन्ननलिकेला भोक पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. सगळ्यात धोकादायक तो साधारण वीस मिलिमीटर रुंदीचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल. त्यावर ‘सीआर २०३२’ असा आकडा असतो. खेळणं पेटत नाही म्हणजे सेल संपला, आता निरुपद्रवी, असंही नाही. संपलेल्या सेलमध्येही भाजण्यापुरती वीज उरलेली असते.

हे सेल फक्त खेळण्यांत नसतात. दिवाळीत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या लाइटवाल्या पणत्या, गाणं वाजवणारी शुभेच्छापत्रं, चमकणारे हातपट्टे, गाडीची रिमोट चावी, डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा अशा कितीतरी वस्तूंत ते बसवलेले असतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर एकदा ही सगळी झाकणं तपासून घ्यावीत. झाकणाला स्क्रू असेल तर बरं. नुसतं नखाने उघडत असेल तर त्यावर घट्ट टेप मारावी किंवा वस्तू उंचावर ठेवावी.

मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका. लाळ गळणं, घास न गिळणं, खोकला, उलटी, छातीत दुखणं ही लक्षणं असू शकतात, पण पुष्कळदा सुरुवातीला काहीच दिसत नाही. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. ‘बटण सेल गिळलाय’ हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसू शकतो. तसाच दुसरा सेल किंवा ते खेळणं सोबत न्या. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जळण्याचा वेग कमी होतो, सेल निघत नाही. म्हणून मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही. सेल नाकात किंवा कानात घातला असला तरी तेवढीच घाई करायची.

विकतचंच खेळणं घ्यायचं असेल तर आयएसआय खूण बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ही खूण सक्तीची आहे. गाड्यावरच्या मालावर ती क्वचितच दिसते, हा भाग वेगळा.

सामान काय लागेल

दोन पेन्सिल सेल, रिमोटमधला बारीक नव्हे, घड्याळातला जाड. एक पांढरा एलईडी. टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो काही रुपयांत मिळतो. हातभर बारीक वायर, इलेक्ट्रिशियनची काळी टेप, दोन रबरबँड, जुना पेपर, खळ किंवा डिंक. चांदणीसाठी पुठ्ठा आणि आकाशकंदिलाचा पतंगी कागद. शेवटी जेवणाच्या पार्सलला गुंडाळतात तो अॅल्युमिनियमचा चंदेरी कागद. वेफर्सच्या पाकिटाची आतली बाजू चंदेरी दिसते, पण तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असतो. त्यातून वीज जात नाही, त्यामुळे ती चालणार नाही.

एलईडी विकत घ्यायचा नसेल तर गणपतीच्या मखराला लावलेली बंद पडलेली माळ शोधा. माळेत दिवे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की त्याच्याबरोबरची अख्खी ओळ बंद पडते, बाकीचे दिवे मात्र पुष्कळदा चांगले असतात. माळ बोर्डातून काढलेली आहे याची खात्री करून मोठ्या माणसाने पांढरा किंवा निळा दिवा दोन्हीकडची वायर ठेवून कापून घ्यावा. माळेची डबी उघडायची नाही. आणि कापलेली माळ परत कधीही बोर्डात लावायची नाही.

पांढराच दिवा का? दोन सेलचे मिळून तीन व्होल्ट होतात आणि पांढऱ्याला जवळपास तेवढेच लागतात. लाल किंवा पिवळ्याला दोनच्या आसपास पुरतात. तो नव्या सेलना थेट जोडला तर जास्त करंट ओढून जळतो. लालच हवा असा हट्ट असेल तर दुकानातून १०० ओहमचा रेझिस्टर आणून वायरीत मध्ये जोडा. त्यापेक्षा पांढऱ्या दिव्यावर लाल पतंगी कागद लावणं सोपं.

कांडी अशी बनवा

वायरीची टोकं सोलायचं काम मोठ्यांनी करावं. दाताने सोलू नये, पोरं बघूनच शिकतात.

दोन्ही सेल एका रेषेत ठेवा, एकाचं टोपण दुसऱ्याच्या सपाट बुडाला टेकलं पाहिजे. जोडावर टेप गुंडाळा. साधारण दहा सेंटिमीटरची दांडी तयार होईल. वरच्या टोपणावर एका वायरीचं सोललेलं टोक ठेवा. त्यावर चंदेरी कागदाची घट्ट गोळी दाबून टेप मारा, पण कागद टोपणाबाहेर, सेलच्या अंगावर येऊ देऊ नका. खालच्या बुडाला दुसरी वायर तशीच लावा. मग दोन्ही रबरबँड उभे, म्हणजे बुडाकडून टोपणाकडे ताणून चढवा. हे रबर महत्त्वाचं. नुसती टेप दोन दिवसांत सैल पडते आणि कांडी लुकलुकायला लागते.

आता एलईडी. त्याचा लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. टोपणाकडून आलेली वायर लांब पायाला पिळून टेप लावा. बुडाकडची वायर आखूड पायाला नुसती टेकवून बघा. उजेड पडला पाहिजे. माळेतल्या दिव्याला लांब-आखूड कळत नाही, म्हणून आधी असा लावायचा, नाही पेटला तर उलटा लावायचा. इथे पेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळं गुंडाळून झाल्यावर चूक शोधत बसणं फार कंटाळवाणं होतं.

खरी जादू बटणात आहे. आखूड पायाला एक वेगळी वायर जोडा आणि ती सेलपर्यंत खाली आणा. आता सेल, वायर आणि दिवा असं सगळं पेपरच्या घोळीत ठेवून घट्ट गुंडाळा, डिंक लावा. हातभर लांबीची नळी होईल. तळाशी सेल, टोकाला दिवा. आखूड पायाची वायर आणि बुडाची वायर अशा दोन्ही वायरींची टोकं अंगठा येतो त्या जागी बाहेर काढा. प्रत्येक टोकाला बोटाच्या पेराएवढी चंदेरी कागदाची घडी गुंडाळून त्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवा. मध्ये अर्धा सेंटिमीटर जागा सोडा.

उरलेल्या चंदेरी कागदाची जाडसर अंगठी करून पोराच्या अंगठ्यात घाला. अंगठी दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकली की कांडी पेटते, उचलली की विझते. अंगठी ज्याच्याकडे नाही त्याच्या हातात कांडी पेटतच नाही, तो कितीही मंत्र म्हणो. गाड्यावरच्या कांडीत ही मजा नाही.

टोकाला पुठ्ठ्याच्या दोन चांदण्या कापा, मध्ये खिडकी पाडा, आतून पतंगी कागद लावा आणि दिवा दोघींच्या मध्ये बसवा. उघडा एलईडी डोळ्याजवळ धरून बघणं बरं नाही, त्यासाठीही हा कागद उपयोगी पडतो.

हे काम आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांचं. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर एलईडी आणि वायरीचे तुकडे काम झाल्याबरोबर उचलून ठेवा. सेलची दोन टोकं एकाच वायरीने थेट जोडून बघायचा मोह पोरांना होतोच, पण त्याने वायर आणि सेल दोन्ही तापतात. मोबाइलची जुनी किंवा फुगलेली बॅटरी तर या खेळात घ्यायचीच नाही.

पेटत नसेल तर

दहापैकी नऊ वेळा जोड सैल असतो. सेलच्या दोन्ही टोकांना दाबून बघा. नाहीतर सेल एकमेकांकडे तोंड करून बसलेले असतात, किंवा एलईडी उलटा लागलेला असतो. एलईडी म्हणजे विजेचा एनआरव्ही. मोटरीच्या पाइपातला एनआरव्ही पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. तसंच हा दिवा वीज एकाच दिशेने सोडतो. उलटा लावला म्हणून जळत नाही, फक्त पेटत नाही. फिरवून लावा. आणि उजेड मंद असेल तर सेल उतरलेत.

दिवा एकच, तोही दिसायला साधा, पण त्याच्यामागे मोठं काम आहे. पांढऱ्या एलईडीच्या आत बघितलं तर पिवळा ठिपका दिसतो. मूळ उजेड निळा असतो, त्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा होतो. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, उजळ निळा काही केल्या जमत नव्हता. तो जमवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घराघरांत असलेला एलईडी बल्ब त्यातूनच आला. आणि टाकाऊ सामानातून विज्ञान शिकवण्याची वाट आपल्याकडे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, मराठीतही.

कांडी झाली, पुढे काय

अंगठी काढून ठेवा आणि घरातल्या वस्तू एकेक करून त्या दोन पट्ट्यांवर टेकवून बघा. किल्ली, नाणं, स्टीलचा चमचा लावला की पेटते. काचेची बांगडी, खोडरबर, कोरडी काडी लावली तर नाही. पेन्सिल दोन्हीकडून टोकदार करून तिचं शिसं मध्ये घातलं तर दिवा लागतो, पण जरा मंद. कशाने पेटेल आणि कशाने नाही, हे पोरांनी आधी सांगायचं, मग लावून बघायचं. पितळेच्या बांगडीवरून भांडण ठरलेलं आहे.

नुसतं बोट ठेवलं तर कांडी पेटत नाही, कारण तीन व्होल्टला माणसाच्या कातडीतून फारशी वीज ढकलता येत नाही. हे पोरांना दाखवताना लगेच पुढचंही सांगून टाका: घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, तिथे बोट लावलं तर वीज अंगातून जाते आणि माणूस मरतो. कांडीवरचा कुठलाही प्रयोग बोर्डावर करायचा नाही.

दाबलं तेवढाच वेळ पेटत असल्यामुळे सेल बरेच दिवस पुरतात. संपले की कागद फाडून नवे घाला. दुसऱ्यांदा पोरं ते स्वतःच करतात. एक जुना आणि एक नवा सेल एकत्र लावू नका. खेळ महिनोन् महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. आणि संपलेला सेल चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, तो फुटतो.