गोल टाकीत किती मावतं?
पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019पासून पवनेचं पाणी दिवसाआड येतं. गच्चीवरची टाकी दोन दिवस पुरेल का, हे प्रत्येक सोसायटीला ठाऊक हवंच. टाकीचा आतला व्यास मोजा. त्याच्या निम्मी ती त्रिज्या. त्रिज्येचा वर्ग गुणिले 3.14 गुणिले पाण्याची उंची. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला 1,000ने गुणलं की लिटर. व्यास 1.2 आणि उंची 1.5 मीटर असेल तर साधारण 1,695 लिटर. उंची मात्र झाकणापर्यंत नव्हे, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतच धरायची. शिवाय पाणी बाहेर नेणारा पाइप तळापासून 10 सेंटिमीटर वर असेल, तर खालचे 113 लिटर नळाला येतच नाहीत. माणशी रोजच्या 135 लिटरच्या हिशेबात हे थोडं नाही.

चाकणच्या कारखान्यांत जनरेटरच्या डिझेलची टाकी आडवी असेल, तर हे गणित फसतं. डिपस्टिक निम्मी भिजली तर टाकी निम्मी भरलेली, हे खरं. पण पाव भिजली, तर सपाट टोकांच्या 10,000 लिटरच्या टाकीत 2,500 नव्हे, जेमतेम 1,955 लिटर असतात, कारण तळाशी टाकी निमुळती होत जाते. स्टोअरकीपरने अंदाजावर न जाता त्या टाकीचा डिपचार्टच पाहावा.