पामायरा हाउस

पामायरा हाउस हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील नांदगाव येथे नारळाच्या वाडीत बांधलेले दुमजली लाकडी घर आहे. वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबई या संस्थेने रचलेले हे घर २००७ साली पूर्ण झाले. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या निवडयादीत त्याचा समावेश होता. ताडाच्या इंग्रजी नावावरून त्याचे नाव पडले.

रचना

सुमारे ३०० चौरस मीटरचे हे घर एकमेकींपासून किंचित सरकवलेल्या दोन लांबट इमारतींत विभागलेले असून, मधल्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव आहे. दर्शनी भाग बव्हंशी पट्ट्यांच्या झडपांचा आहे. कोकणातील उकाडा दमट असतो; घाम वाळल्याखेरीज तेथे गारवा जाणवत नाही आणि त्यासाठी जाड भिंतीपेक्षा वाहता वारा अधिक उपयोगी पडतो. झडपा ऊन अडवतात, वारा मात्र आरपार जाऊ देतात. माडांची सावली आहेच.

बांधकामाचे साहित्य

घराचा सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, तर झडपा ताडाच्या खोडाच्या आहेत. ताडाच्या खोडाचा बाहेरचा थर अतिशय कठीण आणि गाभा मऊ, तंतुमय असतो. त्यामुळे त्यातून रुंद फळ्या मिळणे अवघड. अरुंद पट्ट्या मात्र चिवट निघतात. झडपांसाठी हे लाकूड सोयीचे ठरते ते यामुळेच. जोती, फरसबंदी व आवाराच्या भिंती स्थानिक काळ्या दगडाच्या असून, गिलाव्याला तेथल्याच वाळूने रंगछटा दिली आहे. आराखडा कागदावर पूर्ण करून कारागिरांच्या हाती सोपवलेला नव्हता. तो त्यांच्या सहभागानेच घडत गेला.

पाणी

आवारातील तीन विहिरींचे पाणी गाळून उंच टाकीत साठवले जाते आणि तेथून उताराने घरात येते. वाडीत दगडी पाटांचे जाळे आहे. कोकणातल्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही.

मर्यादा

हे घर मुंबईच्या धावपळीपासून दूर, सुटीच्या दिवसांतील विसाव्यासाठी बांधलेले आहे. त्यामुळे शाश्वत घराचा नमुना म्हणून त्याचा दाखला देताना तारतम्य हवे. दुसरे घर बांधणे, त्यासाठी शहरातून ये-जा करणे यांचा भार पर्यावरणावर पडतोच. शिवाय खारी हवा, तिरपा पाऊस आणि वाळवी यांपासून लाकूड जपण्याचे काम किनाऱ्यावर कधी संपत नाही. बारमाही राहणाऱ्या साधारण कुटुंबाला हा खर्च आधी मोजावा लागेल.