कार्डाचं नाव बदललं आणि सर्व्हर गायब! प्रॉक्समॉक्सचं नेटवर्क परत कसं आणायचं?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी उतारा. एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड इथे आपण बोलतो तशा मराठी अक्षरांत लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत टाकायच्या.

उदाहरणासाठी कचारगडला जाऊया. गोंदियाहून डोंगरगडकडे निघालं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा स्टेशन. तिथून पायथ्याचं धनेगाव. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड भाविक इथे येतात. आता समजा, यात्रेतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणारा एक छोटा प्रॉक्समॉक्स सर्व्हर धनेगावातल्या एका खोलीत आहे. तो सांभाळणारी मुलगी नागपुरात बसते. यात्रेला दोन दिवस असताना जागा कमी पडते, म्हणून गावातला तिचा भाऊ मशीन बंद करतो, आत एक एनव्हीएमई डिस्क बसवतो आणि परत चालू करतो. पंखा फिरतोय, दिवे लागलेत, पण नागपुरातून काहीच उघडत नाही. पिंगला उत्तर नाही, ८००६ पोर्टवरचं पान नाही.

आता गंमत बघा. आतली सगळी व्हर्च्युअल मशीन बहुतेक व्यवस्थित चालू असतात. एकमेकांशी बोलतही असतात. घरातली माणसं घरात आहेत, फक्त बाहेरचा दरवाजा भिंतीला लागलाय. भावाने मॉनिटर जोडला तर स्क्रीनवर नेहमीचाच पत्ता दिसेल, शेवटी ८००६ लिहिलेला. त्यावर जाऊ नका. नेटवर्क चालू असो वा नसो, तो पत्ता तिथे छापला जातोच.

झालंय काय? पूर्वी लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं मिळायची. दोन कार्डं असली की कुठलं आधी सापडेल याचा भरवसा नसायचा, आज ईटीएच० असलेलं उद्या ईटीएच१. म्हणून २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्ड कुठे बसलंय त्यावरून नाव देणं सुरू झालं. ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. कल्पना चांगली, पण बसचा हा आकडा मशीन सुरू होताना ठरतो. मध्ये नवी डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड आलं की पुढचे आकडे सरकू शकतात. कार्डाला कुणी हातही लावलेला नसतो, तरी बस ३ वरचं कार्ड ४ वर दिसतं आणि नाव होतं ईएनपी४एस०. गल्लीत मधेच एक घर बांधलं आणि पुढच्या सगळ्यांचे घरनंबर बदलले, तसंच.

नवीन हार्डवेअर न बसवताही हे होतं. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ८.२ सोबत ६.८ कर्नल आला, तेव्हा नावं बदलू शकतात असा इशारा त्यांनीच दिला होता. म्हणजे साधं अपडेटही पुरेसं आहे.

प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमबीआर० नावाचा एक ब्रिज असतो. सर्व्हरचा आयपी पत्ता या ब्रिजवर असतो आणि ब्रिजला खरं कार्ड नावाने जोडलेलं असतं. फाइलमध्ये लिहिलंय ईएनपी३एस०, मशीनमध्ये आहे ईएनपी४एस०. ब्रिज जुन्या नावाची वाट बघत बसतो. बिघाड एवढाच. त्यामुळे कृपा करून पुन्हा इन्स्टॉल करायला घेऊ नका. एका आकड्यासाठी डिस्क पुसायची वेळ आणू नका.

आता मुख्य अडचण. नेटवर्कच नाही, म्हणजे नागपुरातून दुरुस्ती होणार नाही. कुणीतरी कीबोर्ड-मॉनिटर घेऊन मशीनसमोर बसलंच पाहिजे. पण भावाला फोनवर अख्खी फाइल बदलायला लावणं म्हणजे डोकेदुखी. एक बिंदू चुकला की दोघांचाही पारा चढतो. माझ्या मते त्याच्याकडून फक्त तीन ओळी टाइप करून घ्याव्यात.

रूट म्हणून लॉगिन झालं की पहिली ओळ: आयपी लिंक. "दादा, स्क्रीनचा फोटो काढून पाठव," एवढं सांगायचं. फोटोत ईएनने सुरू होणारं नवं नाव दिसेल. कार्डं दोन-तीन असली तर डीमेसेज ही कमांड देऊन रिनेम्ड फ्रॉम अशी ओळ शोधा, तिथे कुठल्या कार्डाला काय नाव मिळालं ते कळतं.

दुसरी ओळ: आयपी लिंक सेट ईएनपी४एस० अप. आता पुन्हा आयपी लिंक करा. केबल लागलेल्या कार्डापुढे लोअर अप असं दिसतं. तरी शंका असेल तर केबल काढून बघा, कुठल्या कार्डाचं लोअर अप जातंय ते.

तिसरी ओळ: आयपी लिंक सेट ईएनपी४एस० मास्टर व्हीएमबीआर०. कार्ड ब्रिजला जोडलं गेलं, आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत नागपुरातला पिंग सुरू होतो. हा जुगाड तात्पुरता आहे, रीबूट झालं की पुसला जातो. व्हीलॅन वापरत असाल तर टॅग असलेली मशीन एवढ्यावर चालणार नाहीत. पण आत जायला दरवाजा मिळाला, उरलेलं काम बहीण तिच्या लॅपटॉपवरून करेल.

फाइल आहे ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्क फोल्डरात, नाव इंटरफेसेस. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. मग नॅनोमध्ये उघडून जुनं नाव जिथे जिथे असेल तिथे नवं टाका. किमान दोन जागा असतात: आयफेस ने सुरू होणारी कार्डाची ओळ आणि व्हीएमबीआर० च्या खालची ब्रिज डॅश पोर्ट्सची ओळ. बहुतेक लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. बाँड किंवा व्हीलॅनच्या ओळी असतील तर त्याही बघा. सेव्ह केल्यावर आयएफरीलोड डॅश ए. नेटवर्क सर्व्हिस सरसकट रीस्टार्ट करण्यापेक्षा हे बरं, कारण चालू असलेल्या मशीनचं कनेक्शन तुटायची भीती कमी.

पुढच्या वेळी हेच नको असेल तर नाव जागेवरून काढून मॅक पत्त्याला बांधा. तुमच्या फोनचा मॅक पत्ता हल्ली प्रत्येक वायफायला वेगळा दिसतो, अँड्रॉइड १० पासून तसंच ठरलंय. सर्व्हरच्या कार्डाचं तसं नाही, त्याचा मॅक कारखान्यातून आलेला तोच राहतो. ईटीसीमधल्या सिस्टिमडी फोल्डरात नेटवर्क फोल्डर आहे, तिथे १०-ईएनलॅन०.लिंक अशी फाइल बनवायची. मॅच या भागात दोन ओळी: मॅकअॅड्रेस बरोबर कार्डाचा मॅक, आणि टाइप बरोबर इथर. ही टाइपची ओळ गाळू नका, कारण ब्रिजलाही बहुधा तोच मॅक मिळतो. लिंक या भागात एकच ओळ: नेम बरोबर ईएनलॅन०. या फाइलीत भागांच्या नावांची आणि बरोबरच्या डावीकडच्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी असतात, मॅकची तर तिन्ही. नाव ईएन किंवा ईटीएचने सुरू झालेलं बरं, म्हणजे प्रॉक्समॉक्सला ते खरं कार्ड म्हणून ओळखता येतं. मग इंटरफेसेस फाइलमध्येही ईएनलॅन० टाका आणि अपडेट डॅश इनिटरॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल चालवा. आता मात्र आयएफरीलोड करू नका, कारण नवं नाव रीबूटनंतरच लागू होतं.

प्रॉक्समॉक्स ९ वर असाल तर हेच काम पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग जनरेट ही एक कमांड करते. ती कार्डांना एनआयसी०, एनआयसी१ अशी नावं देते आणि फाइलीतही बदल तयार ठेवते. रीबूट तिथेही लागतोच.

आणि हा रीबूट भाऊ त्या खोलीत असतानाच करा. मॉनिटर काढू नका, केबल गुंडाळू नका. नागपुरातून ८००६ चं पान उघडलं, आतलं एखादं मशीन पिंगला उत्तर देतंय हे दिसलं, की मग त्याला म्हणा, "दादा, आता लाव कुलूप."