मिनिटं नको, नंबर विचारा

मैत्रिणींनो, क्रॉस कंट्रीत लेकीला मागच्यापेक्षा चार मिनिटं जास्त लागली, म्हणून तिचं धावणं बंद करायला आपण निघतो. थांबा जरा. ही शर्यत माळरानातून, चढउतारावरून होते. आपल्या वाशिमच्या ओल्या काळ्या मातीत पाय जड होतात. ती वेळ कोरड्या मुरमाशी कशी जुळवायची? इथे नंबर मोलाचा. संघाचा निकालही नंबरांच्या बेरजेवर लागतो, कमी बेरीज तो पुढे. नाशिकच्या संजीवनी जाधवला २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं ते तिसरी आली म्हणून.

अंतराचं मात्र वेगळं. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत पुरुषांना १२ किलोमीटर, बायकांना ८; २०१७ पासून दोघांनाही १०. बायकांना कमी का, हा प्रश्न रास्तच होता! वेळ लिहायचीच तर रोजच्या एकाच वाटेवरची लिहा.