टेबलाचे पॉलिश आणि आजींचा दमा

लग्नसराई जवळ आली की आमच्या धाडमध्ये घरोघरी रंगरंगोटी सुरू होते आणि पाठोपाठ दवाखान्यात धापा टाकणारे वृद्ध येऊ लागतात. अशाच एका रात्री सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांच्या मुलाने आणले. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेले, जुना दमा, पण औषधांवर प्रकृती वर्षभर स्थिर होती. नेब्युलायझर लावल्यावर श्वास थोडा बसला, तेव्हा मी घरात काय नवीन झाले ते विचारले. माजघरातील सागवानी जेवणाच्या टेबलाला त्या दिवशी मेलामाइन पॉलिश झाले होते. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आजींची खाट त्याच खोलीत होती. ‘‘डॉक्टरसाहेब, वास दोन दिवसांत जातो असं मिस्त्री म्हणाले होते,’’ मुलगा म्हणाला. त्या दोन दिवसांत आजींनी कुठे झोपावे, हा विचार मात्र कोणाच्याच मनात आला नव्हता.

लाकडाला संरक्षक लेप हवा, यात शंका नाही. उघडे लाकूड पाणी, हळद, तेल शोषून घेते. पण लेप निवडताना आपण बहुधा चकाकी आणि टिकाऊपणा एवढेच विचारतो. ज्या घरात दमेकरी, हृदयरोगी किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तिथे सुताराला पहिला प्रश्न वेगळा विचारावा : हे पूर्ण वाळायला किती दिवस लागतील आणि तोवर हवेत काय मिसळत राहील?

मेलामाइन पॉलिश आम्लाच्या साहाय्याने कठीण होते आणि त्या क्रियेत फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली या वायूला कर्करोगकारक ठरवले. दोन डब्यांतून मिसळून वापरल्या जाणाऱ्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारणी करणाऱ्या कामगारांना त्यामुळे दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. हे लेप वाईट आहेत असे नव्हे. पूर्ण वाळल्यावर ते कठीण आणि निरुपद्रवी असतात, गरम पातेल्यालाही बऱ्यापैकी तोंड देतात. मात्र ते काम सुताराच्या कारखान्यात व्हावे आणि वास पुरता गेल्यावरच टेबल घरी यावे. घरीच करायचे असेल तर पाण्यात मिसळणारे पीयू मागावे. त्याचा वास बराच कमी असतो. हाताला ते काही तासांत कोरडे लागते, पण पुरते कठीण व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर त्यावर ओले फडके किंवा गरम भांडे नको.

जुन्या घरांतील स्पिरिट पॉलिश म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा हा स्राव स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. औषधी गोळ्यांना आवरण चढवण्यासाठीही शुद्ध केलेली लाख वापरतात, म्हणजे वाळलेल्या लाखेचे भय नाही. स्पिरिट उडून गेले की वासही जातो. तिची दुर्बलता वेगळी आहे. गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे कडे उमटते, पाण्याने डाग पडतात आणि स्पिरिटने तर ती पुन्हा विरघळते. 2020 नंतर रुग्णाच्या उशाशी सॅनिटायझरची बाटली आली आणि कितीतरी घरांतील जुन्या टेबलांचे पॉलिश चिकट होऊन उखडले. सॅनिटायझरमध्ये सुमारे 70 टक्के अल्कोहोल असते, त्यामुळे दुसरे काय होणार? देवघराच्या चौरंगाला लाख उत्तम, औषधांच्या टेबलाला नव्हे. पावसाळ्यात तर ती लावूच नये, कारण दमट हवेत पॉलिश पांढुरके पडते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात काम काढावे. त्या दिवसांत घरातील माणसे अंगणात किंवा गच्चीवर झोपूही शकतात.

विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होते, म्हणून जवसाचे तेल लाकडाला लावणे पुष्कळांना निर्धोक वाटते. कच्चे तेल तसे निर्धोकच आहे, फक्त ते वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. हार्डवेअरच्या दुकानातील ‘बॉइल्ड’ जवस तेलात मात्र लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते पोळपाटाला किंवा विळीच्या पाटाला लावू नये. आणखी एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

पोळपाटाला पॉलिश नकोच. तो धुऊन उभा वाळवला तरी पुरे. फारच रुक्ष झाला तर औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठतेसाठी मिळणारे लिक्विड पॅराफिन अगदी थोडे चोळून रात्रभर ठेवावे आणि जादा तेल पुसून काढावे. त्याला खवट वास येत नाही. शेंगदाण्याचे तेल मात्र खवट होते. फरशीवर त्याचा थेंब सांडला तर लगेच पुसावा, कारण म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड सहज सांधत नाही.

चकाकीविषयी माझे मत घरच्यांना पटत नाही, तरी सांगतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना आरशासारख्या टेबलावरील दिव्याचे प्रतिबिंब दिपवते आणि तिथे पडलेली पांढरी गोळी दिसत नाही. उशाजवळच्या टेबलाला ‘मॅट’ लेपच द्यावा.

जुना रंग खरवडण्याआधी थोडे थांबा. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात ते कितीही असू शकते. असा रंग घरात कोरडा घासू नये. पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून, अंगणात घासावा. नातवंडे त्या वेळी दुसरीकडे असावीत. सागवानाची बारीक धूळही दमेकऱ्याला सोसत नाही.

उरलेले थिनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय सर्वांत भयंकर आहे. क्षीण दृष्टीचे आजोबा रात्री तहानेने उठतात आणि हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतात. असे झाल्यास मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना थिनर फुप्फुसात उतरते आणि जीवावर बेतते. बाटलीसह रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. काम चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती किंवा गॅस पेटवू नये. थिनरची वाफ क्षणात भडकते.

त्या आजींना मी आठ दिवस बहिणीकडे पाठवले. परतल्यावर त्यांना भेटायला गेलो, तर एवढ्या खर्चाने चमकवलेल्या टेबलावर सुनेने फुलाफुलांचे प्लास्टिक अंथरले होते. मी ते उचलायला लावले. खालचे पॉलिश अजून ओलसर होते आणि प्लास्टिकची फुले त्यावर उमटली होती. वासही तिथेच दबून राहिला होता. आम्ही चौघांनी टेबल उचलून ओसरीत नेले. पुढचे तीन आठवडे ते तिथेच होते आणि आजींनी माजघरात पूर्वीसारखे पाटावर बसून जेवण केले.